प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर घरचे सहा आठवडे



आपल्या आरोग्याच्या पाठात आजवर रक्त कमी असणं झालं, अंगावरून जाणं झालं, गर्भपिशवी झाली, बाळाचं वजन झालं. यावेळचा पाठ पुरुषांच्या दुखण्यावर आहे. "मग तो आमच्या बैठकीत कशाला?" असं कुणीतरी म्हणणार, म्हणून आधीच सांगते. ऑपरेशन डॉक्टर करतात, दोन-चार दिवस दवाखान्यातल्या सिस्टर बघतात, आणि त्यानंतरचे सहा आठवडे बायको, सून नाहीतर लेक बघते. साठीच्या पुढच्या पुरुषांत हे दुखणं सर्रास आहे. आज नाही तर उद्या आपल्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी ते येणारच.

मागच्या वर्षी ते माझ्या घरी आलं. मी गावोगाव आरोग्याचे पाठ वाचून दाखवते, पण मालकांचं ऑपरेशन झालं तेव्हा मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. टाका नाही, पट्टी नाही, माणूस चालत घरी आला, मग काळजी ती कसली करायची? बाराव्या दिवशी रात्री दोन वाजता कळलं कसली करायची ते. ते पुढे सांगते.

नेमकं काय केलेलं असतं

प्रोस्टेट ही पुरुषांच्या ओटीपोटात, लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असलेली एक ग्रंथी. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढतं तशी ही ग्रंथी वाढते आणि नळी आवळली जाते. मग लघवीला धार राहत नाही, थांबून थांबून होते, रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं, झाली तरी मोकळं वाटत नाही. आणि एखाद्या दिवशी एकदम तुंबते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पुष्कळ माणसं ह्याच भीतीने वर्ष-वर्ष कुणाला सांगत नाहीत.

गोळ्यांनी भागलं नाही की ऑपरेशन करतात. लघवीच्या वाटेनेच दुर्बिणीची नळी आत घालतात आणि ग्रंथीचा अडथळा करणारा आतला भाग करंटने खरवडून बारीक तुकड्यांनी बाहेर काढतात. काही ठिकाणी लेझरने करतात. डॉक्टरांच्या कागदावर बहुतेक 'टीयूआरपी' असं लिहिलेलं असतं. पोटावर चिरा नाही आणि टाका नाही, ते खरं. पण आत जखम आहे. गुडघा खरचटला तर कशी लालभडक ओली जागा होते, तशी जागा आत आहे. तिच्यावर पट्टी बांधता येत नाही आणि दिवसातून आठ-दहा वेळा तिच्यावरून लघवी जाते. ती भरून यायला साधारण सहा आठवडे लागतात. एवढं एक वाक्य मला दवाखान्यातून निघताना कुणी नीट सांगितलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

दवाखान्यातून निघताना

घरी जायची घाई झालेली असते, गाडी खाली उभी असते, सिस्टर कागद हातात देतात आणि आपण "हो, हो" म्हणत पिशव्या उचलतो. तसं करू नका. पाच मिनिटं थांबून विचारा. कोणती गोळी किती दिवस द्यायची? रक्त पातळ व्हायची गोळी आधीपासून चालू असेल (हृदयाचा झटका येऊन गेलेल्या बऱ्याच जणांना ती असते) तर ती परत कधी चालू करायची? स्वतःच्या मनाने ती बंदही करायची नाही आणि चालूही करायची नाही. लघवीची नळी ठेवून घरी पाठवत असतील तर ती कुठल्या तारखेला काढायची? रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा? आणि काढलेल्या तुकड्यांचा रिपोर्ट कधी मिळणार? रिपोर्टचं शेवटी सांगते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर घरी आल्यानंतरच्या दहा दिवसांची औषधं आणि तपासणी पॅकेजमध्येच धरलेली असते. ती आरोग्यमित्राकडे मागून घ्या. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी आधीच रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटावं, आपल्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात हे योजनेतून होतं ते विचारावं. गटाचं अंतर्गत कर्ज घ्यायचंच झालं तर ते गाडीभाड्याला आणि घरखर्चाला राहू द्या.

घरी आणताना मोटारसायकलवर आणू नका. एस.टी.च्या मागच्या बाकावरही नको, खड्ड्यात माणूस आदळतो. चारचाकी मिळाली तर उत्तम. रस्ता लांबचा असेल तर मध्ये थांबून लघवीला न्या, चार पावलं चालवा.

नळी घेऊन घरी आलात तर

काहींची नळी दवाखान्यातच दोन-तीन दिवसांत काढतात. काहींना आठवडाभर नळीसकट घरी पाठवतात. नळीच्या आतल्या टोकाला पाण्याने भरलेला छोटा फुगा असतो, म्हणून ती निसटत नाही. आणि म्हणूनच ती कधीही ओढायची नाही. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या तात्यांनी झोपेत ओढली, रक्ताने अंथरूण भिजलं. नळी मांडीला चिकटपट्टीने लावून ठेवा, थोडी सैल, म्हणजे पाय हलवला तरी ताण येत नाही. ढिली लुंगी किंवा ढिला पायजमा बरा.

नळीला हात लावायच्या आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. भाकरी थापता थापता उठून पिशवी बघायची, परत येऊन थापायची, असं होतं आपल्याकडून. होऊ देऊ नका. नळी जिथून बाहेर येते तिथली जागा रोज साबण-पाण्याने धुवा आणि शरीराकडून बाहेरच्या बाजूला पुसत या. हळद, तूप, पावडर, खोबरेल काही लावायचं नाही.

लघवीची पिशवी कायम कंबरेच्या खाली. चालतानाही खाली धरायची. खांद्यावर किंवा उशाला ठेवली तर लघवी उलटी पिशवीतून आत जाते आणि जंतू घेऊन जाते. पण खाली म्हणजे जमिनीवर नव्हे. आम्ही खाटेच्या माचव्याला सुतळीचा हूक करून अडकवली होती. खाट नसेल, माणूस खाली गादीवर झोपत असेल, तर गादी दोन घालून उंच करा आणि पिशवी स्वच्छ बादलीत ठेवा. पिशवी अर्ध्याहून जास्त भरली की खालची तोटी सोडून रिकामी करायची. तोटी भांड्याला टेकू द्यायची नाही. वरचा जोड उगाच सोडायचा नाही.

नळी असूनही "मला लघवीला आलंय, जाऊ द्या" असं माणूस म्हणतो, ओटीपोटात कळ येते, कधी नळीच्या कडेने थोडी लघवी झिरपते. आतल्या पिशवीला नळीची सवय नसते, ती आवळून तिला बाहेर ढकलू बघते. घाबरू नका, फार त्रास झाला तर डॉक्टर त्यावर गोळी देतात. मात्र पिशवीत लघवी येणंच बंद झालं, तर आधी बघा की नळी मुडपली तर नाही ना, माणूस तिच्यावरच झोपला नाही ना, पिशवी वर गेली नाही ना. तिन्ही ठीक असून अर्ध्या-पाऊण तासात लघवी आली नाही किंवा ओटीपोट टणक लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही.

रंगाकडे लक्ष ठेवा

ऑपरेशननंतर लघवीत रक्त येणारच. दोन-तीन आठवडे, कुणाला चार आठवडेही, अधूनमधून येतं. प्रश्न किती येतं हा आहे, आणि तो रंगावरून कळतो. पहिले काही दिवस पारदर्शक बाटलीत किंवा पांढऱ्या भांड्यात लघवी करायला सांगा म्हणजे आपल्याला दिसतं. मालक लाजले, "तू काय बघणार त्यात" म्हणाले. मी म्हटलं, दुधाचं फॅट बघते, पिकाचं पान बघते, हेही बघीन.

पातळ कोकम सरबतासारखा फिकट गुलाबी रंग असेल तर चालेल. शौचाला जाऊन आल्यावर, जरा जास्त चालल्यावर रंग गडद होतो. मग दोन-तीन भांडी पाणी पाजायचं, आडवं व्हायला सांगायचं, दोन-तीन वेळा लघवी झाली की परत फिका होतो. तसा झाला तर काळजी नाही. पण टोमॅटोच्या सारासारखी घट्ट लाल लघवी होत राहिली, पाणी पाजूनही फिकी होईना, किंवा गुठळ्या पडायला लागल्या, तर दवाखाना. (बीट खाल्लं तरी लघवी लाल होते आणि लघवीच्या काही गोळ्यांनी नारिंगी होते. आमच्याकडे एकदा बीटाच्या कोशिंबिरीने सगळं घर जागं केलं. त्या महिन्यात बीट आणूच नका.)

बारावा दिवस

आता माझं सांगते.

मालकांची नळी तिसऱ्या दिवशी काढली, चौथ्या दिवशी घरी आलो. आठ दिवसांत लघवी पाण्यासारखी स्वच्छ झाली. धार अशी की वीस वर्षांत नव्हती. माणूस खूश. आणि खूश झालेल्या शेतकऱ्याला घरात बसवणं किती अवघड असतं ते तुम्हाला सांगायला नको. बाराव्या दिवशी प्रभाग संघाची बैठक होती, मी तालुक्याला गेले. त्या दिवशी खताची गाडी आली. युरियाच्या गोण्या, एक गोणी ४५ किलोची. पोरगा एकटाच उतरवत होता, ह्यांना बघवेना. "दोनच उचलल्या," असं नंतर म्हणाले. पोरगा म्हणतो पाच.

त्यात आणखी एक. रात्री उठायला लागू नये म्हणून चार दिवसांपासून ते पाणी कमी पीत होते. मला वाटायचं तांब्या रिकामा होतोय म्हणजे पिताहेत. अर्धा तांब्या तुळशीला जात होता.

ह्याच दिवसांत, म्हणजे दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास, आतल्या जखमेची खपली सुटते. गुडघ्याची खपली सुटली की कसं परत थोडं रक्त दिसतं, तसं इथेही दिसतं. बऱ्याच जणांचं स्वच्छ झालेलं पाणी परत लाल होतं. पाणी भरपूर चालू असेल, माणूस आराम करत असेल, तर एक-दोन दिवसांत आपोआप थांबतं. आमच्याकडे वरून गोण्यांचा जोर पडला आणि आतून धुवायला पाणी नाही. संध्याकाळी लाल झाली, दहा वाजता गुठळ्या, बारा वाजता बंद. गुठळीने वाट अडवली. दोन वाजेपर्यंत माणूस घामाने भिजून खाटेवर लोळत होता, पोट मडक्यासारखं. १०८ ला फोन केला, गाडी आली. दवाखान्यात परत जाड नळी घातली, सलाईनच्या पाण्याने आतली पिशवी धुऊन गुठळ्या काढल्या, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि मी तिथेच भिंतीला टेकून बसले. आणखी तीन दिवस राहावं लागलं.

सगळं निस्तरल्यावर सासरकडच्या एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नवरा आजारी आणि ही बैठकीला." मला ते आठवडाभर लागून राहिलं. आज शांत डोक्याने सांगते, चूक बैठकीला जायची नव्हती. मला खपलीचं माहीत नव्हतं, पोराला गोणीचं माहीत नव्हतं आणि ह्यांना पाण्याचं माहीत नव्हतं. एकटीने पहारा देऊन हे दुखणं सांभाळता येत नाही. घरातल्या सगळ्यांना, मोठ्या पोरांनासुद्धा, पहिल्याच दिवशी एकत्र बसवून सांगायला लागतं.

पाणी, पोट आणि वजन

दिवसाला आठ-दहा भांडी, म्हणजे दोन-अडीच लिटर पाणी. तांब्या मोजून ठेवा आणि समोर पिताना बघा, तुळशीला नको. ताक, पातळ वरण, पेज हेही त्यातच धरा. दिवसा जास्त द्या, सात वाजल्यानंतर कमी द्या, पण बंद करू नका. ज्यांना हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं आहे, अंगावर सूज येते, त्यांनी मात्र किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारायचं. चहा दोन कपांवर आणा, त्याने लघवी सारखी लागते आणि जळजळ वाढते. झणझणीत तिखटही काही दिवस कमी. दारू नाही म्हणजे नाही. विडीही बंद, खोकल्याच्या प्रत्येक ढासेला खाली जोर पडतो.

पोट साफ राहणं हे पाण्याइतकंच महत्त्वाचं. शौचाला कुंथलं की तोच जोर जखमेवर. भाकरी, पालेभाजी, मूग, पपई, पेरू द्या. रात्री कोमट पाण्यात इसबगोल द्या. एरंडेलाचा जुलाब, कुणी सांगितलेला काढा, डॉक्टरांना न विचारता नको. बसायला उकिडवं अवघड जातं. आपल्याकडे बहुतेकांचं भारतीय संडास आहे, तर मध्ये भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची मिळते, ती वर ठेवता येते. आम्ही गावातल्याच एका घरून महिनाभर मागून आणली.

वजनाचं तर तुम्ही ऐकलंच. पहिले दोन आठवडे घरातल्या घरात आणि अंगणात हिंडायचं. नुसतं खाटेवर पडून राहायचं नाही, त्याने पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती असते. पण सहा आठवडे जड काही नाही. भरलेली बादली नाही, घागर नाही, कडब्याची पेंढी नाही, नातवाला कडेवर नाही. फवारणीचा पंप तर मुळीच नाही, औषध भरल्यावर तो पाठीवर पंधरा-वीस किलोचा होतो. बैलाला धरायचं नाही, तो ओढतो आणि आपण ताण देतो. सायकल आणि मोटारसायकल डॉक्टर हो म्हणेपर्यंत लांब. ट्रॅक्टरचे धक्के तसेच.

आणि दुकानातून परस्पर अंगदुखीची किंवा सर्दीची गोळी आणू नका. अंगदुखीच्या काही गोळ्यांनी रक्त जास्त जातं आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडकते. दुकानदाराला सांगा की प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय, किंवा सरळ डॉक्टरांना फोन करा.

नळी काढल्यावर

नळी काढली म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. लघवीला जळजळतं, सारखी लागते, आणि लागली की दम धरवत नाही. दाराशी जाईपर्यंत कपडे भिजतात. खोकलं, हसलं तरी थेंब जातात. आयुष्यभर ताठ मानेने वावरलेला माणूस ह्याने फार खचतो. चिडचिड करतो, जेवत नाही, बाहेर पडत नाही. आपण ओरडलो तर संपलंच. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत, काहींचं दोन-तीन महिन्यांत कमी होत जातं. तोवर खाटेजवळ रात्रीसाठी बाटली ठेवा. संडास बाहेर असेल तर वाटेवर दिवा ठेवा आणि वाट मोकळी ठेवा, अंधारात घाईने जाताना पडण्याचा धोका मोठा. जुन्या सुती लुगड्याच्या घड्या करून आत ठेवायला द्या. आपल्याला ती युक्ती नवी नाही.

एक व्यायाम आहे. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जसं खालून आवळून धरतो, तसं आवळायचं, पाच अंक मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या ढिल्या ठेवायच्या, श्वास रोखायचा नाही. बसून, पडून कसाही करता येतो. नळी असताना मात्र करायचा नाही आणि लघवी चालू असताना मध्येच थांबवून करायचा नाही. बाळंतपणानंतर आपल्यालाही हाच शिकवतात, तेव्हा दोघांनी मिळून केला तरी चालेल.

बैठकीत कुणी विचारत नाही ते

हा भाग मोठ्याने वाचायचा की नाही ते तुमच्या गटाने ठरवा, पण प्रत्येकीने वाचावा.

चार ते सहा आठवडे नवरा-बायकोचा संबंध नको, जखम भरू द्यायची. त्यानंतर डॉक्टरांना विचारून चालू करता येतो. बहुतेकांची ताकद पहिल्यासारखीच राहते. पण एक गोष्ट बदलते. बऱ्याच पुरुषांचं वीर्य बाहेर येत नाही. आतला दरवाजा ऑपरेशनमध्ये सैल झालेला असतो, म्हणून ते मागे लघवीच्या पिशवीत जातं आणि नंतर लघवीबरोबर निघून जातं. ह्यात काही इजा नाही, दुखत नाही, सुखात फार फरक पडत नाही. पण आधी सांगितलेलं नसेल तर पुरुष हादरतो. आपलं पुरुषपण गेलं असं समजून गप्प होतो, अंथरूण ओसरीवर नेतो. आणि बायको काय समजते? एका गावातल्या बाईने मला विहिरीवर गाठून सांगितलं की ऑपरेशन झाल्यापासून नवऱ्याचं बाहेर कुठेतरी आहे असं तिच्या मनाने घेतलंय. सहा महिने दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हती. मी तिला हेच समजावलं. ती आधी हसली, मग पदराने डोळे पुसायला लागली.

वय कमी असेल आणि मूल हवं असेल तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांशी बोला, कारण नंतर दिवस राहणं अवघड होतं. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे, म्हणून ह्याला कुटुंबनियोजनही समजू नका.

ह्यातलं काही दिसलं तर थांबू नका

लघवी पूर्ण बंद. गुठळ्या किंवा थांबत नाही असं लाल रक्त. १०१ च्या वर ताप, किंवा थंडी वाजून हुडहुडी. अंडकोष सुजला, लाल झाला, हात लावू देईना. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली. छातीत दुखलं, धाप लागली. डोळ्यापुढे अंधारी, अंग थंडगार. रात्र असो, पेरणी असो, घरात लग्न असो, दवाखान्यात जायचं, गाडी नसेल तर १०८. डिस्चार्जचा कागद बरोबर न्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.

आणि आपलं काय?

ह्या सहा आठवड्यांत त्यांचं काम आपल्यावर येतं. पाणी द्यायला रात्री आपणच जायचं, वीज रात्रीचीच असते. धारा आपणच, गोठा आपणच, वर पथ्याचं वेगळं. दुसऱ्यांदा दवाखान्यातून आलो तेव्हा माझी अवस्था बघून आमच्या गटाने न विचारताच वाटणी केली. एकीने सकाळची म्हशीची धार घेतली, दोघींच्या पोरांनी पाण्याची पाळी धरली, आणि चार बैठका आमच्याच ओसरीवर घेतल्या, म्हणजे मला हजेरी चुकवायला नको आणि घर सोडायलाही नको. मालक आत खाटेवर पडून आमचा हिशोब ऐकायचे. एकदा आतूनच ओरडले, "व्याजाचे बारा रुपये राहिले लावायचे!" खरंच राहिले होते. ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर तारीख घेताना पिकाकडे बघा आणि गटाला आधी सांगा. लघवी वारंवार तुंबत असेल, नळी घालून घरी पाठवलं असेल, तर मात्र सुगीसाठी लांबवू नका. तुंबलेल्या लघवीने किडनीवर परिणाम होतो.

आता रिपोर्ट. काढलेले तुकडे पेशींच्या तपासणीला पाठवतात. बहुतेक वेळा साधी वाढच निघते, पण कधीतरी त्यात कॅन्सर सापडतो, आणि तो वेळेत कळावा म्हणूनच ती तपासणी असते. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तोवर आपण घरी आलेलो असतो आणि तो तिथेच पडून राहतो. आमचा तसाच पडून होता, गुठळीच्या निमित्ताने परत गेलो तेव्हा हातात आला. तुमचा मागून घ्या, डॉक्टरांना दाखवा, "ह्यात काय लिहिलंय?" असं स्पष्ट विचारा. ऑपरेशनमध्ये सगळी ग्रंथी काढत नाहीत, बाहेरचा भाग तसाच राहतो. म्हणून पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा पीएसए नावाची रक्ताची तपासणी करायची असते. काही वर्षांनी त्रास परत सुरू झाला तर "एकदा ऑपरेशन झालंय, आता कसला त्रास" असं म्हणून घरात बसायचं नाही.

आमचा रिपोर्ट साधा आला. तो, डिस्चार्जचा कागद आणि गोळ्यांची चिठ्ठी मी गटाच्या पासबुकाबरोबर एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. रात्री दोन वाजता दिवा न लावताही ती पिशवी माझ्या हाताला लागते.